ठाणें-कल्याणच्या हवेचा जमाखर्च

इसवी सन १८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस दुपारीं साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून चौदा डब्यांची आगगाडी ठाण्याकडे निघाली, ही हकीकत शाळेंतील मुलांनाहि पाठ असते. साहेब, सिंध आणि सुलतान हीं तीन इंजिनें, एकवीस तोफांची सलामी, सुमारें चारशें निमंत्रित पाहुणे आणि दुतर्फा लोटलेली लोकांची गर्दी, ह्यांचें वर्णन आजवर पुष्कळांनीं केलें आहे. धुरांड्यांतून निघालेल्या धुराचें कौतुकहि त्यांत येतें. परंतु त्या दिसणाऱ्या धुरासमवेत जो दुसरा, रंगहीन आणि गंधहीन वायु बाहेर पडत होता, त्याचा उल्लेख कोणी करीत नाहीं. आणि करावा तरी कसा? जी वस्तु डोळ्यांना दिसत नाहीं व नाकाला कळत नाहीं, तिची दखल त्या दिवशींच्या बातमीदारानें घेतली नाहीं, ह्याबद्दल त्याला दोष देतां येणार नाहीं. दिसणारा धूर संध्याकाळपर्यंत खाडीवरच्या वाऱ्यानें पांगून गेला. त्या अदृश्य वायूचा कांहीं अंश मात्र अद्यापि पृथ्वीच्या वातावरणांत फिरत आहे.

जुन्या वळणाच्या मराठींत ह्या वायूस कर्बाम्लवायु म्हणत. आजचे विद्यार्थी त्याला कार्बन डायऑक्साइड ह्या नांवानें ओळखतात. चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकर घातली असतां निवळी दुधाळ होते, हा प्रयोग ज्यानें शाळेंत पाहिला आहे, त्याला ह्या वायूची ओळख निराळी करून द्यावयास नको. स्कॉटलंडांतील जोसेफ ब्लॅक ह्यानें अठराव्या शतकाच्या मध्यास त्याचे गुणधर्म निश्चित केले होते. पण तो उष्णता धरून ठेवतो, ही गोष्ट आगगाडीच्याच काळांत उघडकीस आली. १८५६ सालीं, म्हणजे ठाण्याची गाडी सुरू झाल्यावर अवघ्या तीन वर्षांनीं, अमेरिकेंतील युनिस फुट ह्या विदुषीनें कांचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायु भरून तीं उन्हांत ठेवलीं. कर्बाम्लवायूचें नळकांडें इतरांहून अधिक तापतें आणि सांवलींत आणल्यावर फार उशिरां निवतें, असें तिला आढळून आलें. तिच्या निबंधाकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. तीन वर्षांनीं टिंडाल ह्या शास्त्रज्ञानें लंडनमध्यें तीच गोष्ट अधिक नाजूक उपकरणांनीं, प्रत्यक्ष उष्णतेचे किरण वायूंतून पाठवून, सिद्ध केली. आणि १८९६ सालीं स्वीडनच्या अऱ्हेनियस ह्यानें, हवेंतील ह्या वायूचें प्रमाण वाढल्यास पृथ्वीचें तपमान किती वाढेल, ह्याचें गणित कागदावर मांडून दाखविलें. अऱ्हेनियस थंड देशांतला गृहस्थ. जग थोडें ऊबदार झालें तर तें इष्टच, असें त्याला वाटे. वैशाखांत ठाण्याच्या एखाद्या पत्र्याच्या छपराखालीं बसून त्यानें हें गणित केलें असतें, तर त्याचें मत कदाचित् निराळें झालें असतें!

इकडे लोहमार्ग पुढें सरकत होता. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून आणि पारसिकच्या डोंगराला बोगदे पाडून १ मे १८५४ रोजीं गाडी कल्याणपर्यंत आली. पुढें एक फांटा बोरघाटाकडे आणि दुसरा थळघाटाकडे गेला, आणि कल्याण हें प्राचीन बंदर लोहमार्गाचें नाकें बनलें. कर्जत व कसारा येथून घाट चढतांना गाड्यांना जास्तीचीं इंजिनें जोडावीं लागत, आणि त्या चढणीवर कोळसा किती जळे, ह्याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

ठाणें जिल्ह्याला धूर मात्र नवा नव्हता. पावसाळ्यापूर्वीं भाताच्या रोपासाठीं राखून ठेवलेल्या वाफ्यांवर वाळलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून वरून मातीचा थर देत व तो ढीग पेटवून देत. हाच राब. ऐनाच्या झाडांच्या फांद्या त्यासाठीं दरसाल तोडल्या जात. सरकारच्या जंगल खात्यास हें रुचत नसे. त्यावरून शेतकरी आणि खातें ह्यांच्यामध्यें इतका तंटा माजला, कीं १८८५ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलहक्कांच्या चौकशीसाठीं एक आयोग नेमावा लागला. चैत्र-वैशाखांत सबंध जिल्हा राबाच्या धुरानें भरून जाई. मग राबाचा धूर आणि इंजिनाचा धूर ह्यांत भेद तो काय?

भेद आहे, आणि पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. राबांतील पानांत जो कर्ब होता, तो वर्ष-दोन वर्षांपूर्वीं हवेंतूनच आलेला होता. पाने जळलीं तेव्हां तो हवेंत परत गेला, आणि पावसाळ्यांत ऐनाला नवी पालवी फुटली, तेव्हां पुन्हां पानांत आला. हें उसनें घेऊन परत करण्यासारखें झालें. वर्षअखेर खातें जवळजवळ बरोबरींत राही. दगडी कोळसा ही मात्र कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या अरण्यांनीं भूमींत पुरून ठेवलेली ठेव आहे. ती एकदां मोडली, कीं तितक्याच वेगानें पुन्हां पुरली जात नाहीं. ही नुसती उपमा नव्हे. हवेंतील कर्बांत किरणोत्सर्गी कर्बाचा एक अत्यल्प अंश असतो, आणि इतका काळ जमिनींत पडून राहिलेल्या कोळशांत तो मुळींच उरलेला नसतो. अलीकडच्या झाडांच्या खोडांत हा अंश कमी झालेला आहे, म्हणजेच हवेंत जुन्या कोळशाचा कर्ब मिसळला आहे, असें १९५५ सालीं हान्स स्यूस ह्या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें. राबाचा हिशेब आणि इंजिनाचा हिशेब असा प्रयोगशाळेंत निराळा काढतां येतो.

विसाव्या शतकांत दिसणारा धूर कमी होत गेला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईहून कुर्ल्यास हार्बर मार्गावर विजेची गाडी सुरू झाली, आणि १९३० सालापर्यंत विजेचीं इंजिनें कल्याणच्या पुढें दोन्ही घाट चढूं लागलीं. लोक म्हणाले, धूर गेला. पण वीज आकाशांतून पडत नव्हती. जी. आय. पी. रेल्वेनें १९२९ च्या सुमारास ठाकुर्लीनजीक चोळें येथें स्वतःचें वीजघर उभारलें, आणि त्या वीजघरांत कोळसाच जळत होता. पूर्वीं जो धूर मुंबईपासून इगतपुरीपर्यंत लोहमार्गावर विखुरला जाई, तो आतां एका उंच धुरांड्यांतून एके ठिकाणीं निघूं लागला, इतकाच काय तो फरक! चोळ्याचें वीजघर १९८० नंतरच्या दशकांत बंद पडलें. तेव्हांहि पुन्हां धूर गेला असें वाटलें. आणि पुन्हां तो केवळ दूर गेला होता. डोंबिवलीच्या घरांत जो दिवा लागतो, त्याच्या विजेंतील मोठा हिस्सा आज विदर्भासारख्या दूरच्या प्रदेशांत जळणाऱ्या कोळशाचा असतो. शिवाय १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, त्याची घोषणाच ठाण्याच्या वागळे वसाहतींत झाली, आणि त्यानंतर ठाणें, डोंबिवली, अंबरनाथ ह्या पट्ट्यांत कारखान्यांची दाटी होत गेली. रस्त्यावरच्या मोटारींची गोष्ट निराळी सांगावयास नको.

एवढा वायु हवेंत गेला, तर तो मोजला कोणीं? १९३८ सालीं इंग्लंडांतील कॅलेंडर नांवाच्या एका इंजिनियरानें जुनीं विखुरलेलीं मोजमापें गोळा करून हवेंतील ह्या वायूचें प्रमाण वाढत असल्याचें सांगितलें, तेव्हां जाणत्यांनीं मान डोलविली नाहीं. त्यांची शंका रास्त होती. एकानें पॅरिसमध्यें घेतलेलें माप, दुसऱ्यानें शेतांत घेतलेलें, एकाचें सकाळचें, दुसऱ्याचें रात्रीचें. अशा मापांची बेरीज म्हणजे निरनिराळ्या गांवच्या पायलींनीं मापलेल्या धान्याची बेरीज! एकाच जागीं, एकाच रीतीनें, खंड न पडूं देतां माप घेणें हा एकच उपाय होता, आणि तो १९५८ च्या मार्चमध्यें अमेरिकेच्या चार्ल्स कीलिंग ह्यानें हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर अंमलांत आणला. त्या वेळीं दहा लक्ष भाग हवेंत कर्बाम्लवायूचे सुमारें ३१३ भाग होते. ध्रुवप्रदेशांतील बर्फांत कोंडलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून असें ठरतें, कीं ठाण्याची पहिली गाडी धांवली तेव्हां हें प्रमाण सुमारें २८५ होतें. आज तें ४२० च्या पलीकडे गेलें आहे.

कीलिंगच्या मोजमापांत आणखी एक मौजेची गोष्ट निघाली. दरवर्षीं मे महिन्यापर्यंत हें प्रमाण चढतें आणि मग शरद ऋतूपर्यंत उतरतें. उत्तर गोलार्धांतील झाडें आणि पिकें वाढीच्या दिवसांत हा वायु ओढून घेतात व पुढें पाने कुजलीं कीं परत देतात. राबाच्या बाबतींत जें उसनवारीचें खातें सांगितलें, तेंच येथें सबंध पृथ्वीच्या मापानें दिसूं लागलें. १९६४ सालीं पैशाच्या टंचाईमुळें ह्या मोजणींत कांहीं महिन्यांचा खंड पडला. कीलिंगच्या प्रसिद्ध आलेखांत ती रिकामी जागा आजहि दिसते.

मोजणी अखंड राखणें म्हणजे काय, ह्याचें एक उत्तम उदाहरण मुंबईच्या जवळच आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें १८४१ पासून होत असत. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत विजेच्या ट्राम येणार असें ठरलें. विजेच्या प्रवाहानें चुंबकसूची विचलित होणार हें उघड होतें. तेव्हां वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस ह्यांनीं उपकरणें अलिबागेस नेण्याची व्यवस्था केली. पण एकदम नव्हे. १९०४ ते १९०६ ह्या काळांत कुलाबा आणि अलिबाग ह्या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मोजमापें घेतलीं गेलीं, जेणेंकरून जुनी माळ तुटूं नये व नवी तिला नीट जोडली जावी. ट्राम केव्हांच गेली. ती माळ अजून अखंड आहे.

हवेच्या मापालाहि असेंच गांवाबाहेर जावें लागतें. कल्याणच्या स्थानकावर उपकरण ठेवलें तर तें शेजारच्या रिक्षाचा धूर मोजील, प्रदेशाची हवा मोजणार नाहीं. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर ह्या कामासाठीं जागा निवडली गेली ती दक्षिण गोव्यांतील काबो द रामा, म्हणजे जुन्या किल्ल्याचें तें समुद्रांत शिरलेलें टोंक. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेनें आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञानसंस्थेनें मिळून १९९३ पासून तेथें हवेचे नमुने घेण्यास आरंभ केला. कांचेच्या कुप्यांत हवा भरावयाची, कुपी घट्ट बंद करावयाची आणि तपासणीसाठीं ऑस्ट्रेलियास पाठवावयाची, अशी साधी रीत. पावसाळ्यांत तेथें नैर्ऋत्येकडून समुद्रावरची हवा येते. हिंवाळ्यांत वारा फिरतो आणि भूमीवरची हवा, कारखान्यांचा व शेतांचा वास घेऊन, समुद्राकडे निघते. एकाच टोंकावर बसून ह्या दोन्ही हवा मोजतां येतात, ही त्या जागेची खुबी. २००२ सालीं ही मोजणी थांबली.

ज्या वर्षीं कुप्या थांबल्या, त्याच वर्षीं युरोपचा एन्व्हिसॅट हा उपग्रह आकाशांत गेला आणि अंतराळांतून हा वायु मोजण्याच्या प्रयत्नांस जोर आला. शेंकडों किलोमीटर उंचीवरून, दिसत नसलेला वायु मोजावयाचा कसा? श्रोत्यांनीं निळीचें पाणी डोळ्यांपुढें आणावें. निळीचा एक थेंब टाकलेलें पाणी वाटींत फिकें दिसतें, तर उंच हंडींत वरून पाहतां गडद दिसतें. कारण दृष्टि अधिक पाण्यांतून जाते. सूर्याचा प्रकाश वातावरणांतून खालीं येतो, जमिनीवरून परावर्तित होऊन पुन्हां वर जातो, आणि ह्या दुहेरी प्रवासांत कर्बाम्लवायु त्यांतील कांहीं ठराविक किरण गिळून टाकतो. हे किरण मानवी डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्याच्या पलीकडले असतात. उपग्रहावरील उपकरण त्या प्रकाशाचा पट्टा पसरून पाहतें, तेव्हां गिळलेल्या किरणांच्या जागीं काळ्या रेषा दिसतात. रेषा जितकी गडद, तितका वायु अधिक. पण प्रकाश किती हवेंतून आला हें कळल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं. त्यासाठीं प्राणवायूची रेषाहि मोजतात. हवेंत प्राणवायूचा वांटा शेंकडा एकवीसच्या किंचित् आंत, आणि जवळजवळ सर्वत्र सारखा, हें ठाऊक आहे. म्हणून तो ह्या तराजूंतील ठरलेल्या वजनाचें काम करतो.

कल्पना सुबक, पण वाट बिकट होती. २४ फेब्रुवारी १९०९ नव्हे, २००९ हा तो दिवस, ज्या दिवशीं अमेरिकेनें केवळ ह्याच कामासाठीं बांधलेला पहिला उपग्रह उडाला, त्याचें संरक्षक आवरण गळून पडलें नाहीं आणि तो दक्षिणेच्या समुद्रांत कोसळला. त्याच्या एक महिना आधीं, २३ जानेवारीस, जपाननें आपला उपग्रह सुखरूप वर पाठविला होता. त्याचें नांव इबुकी, म्हणजे श्वास. ह्याहून समर्पक नांव दुसरें सुचलें नसतें. अमेरिकेनें नेट सोडला नाहीं. बुडालेल्या उपग्रहाचा जणूं जुळा भाऊच बांधून २ जुलै २०१४ रोजीं ओ. सी. ओ.-२ ह्या नांवानें ७०५ किलोमीटर उंचीवरच्या कक्षेंत सोडला.

इबुकीच्या मोजमापांतून मुंबईचें नांव पुढें आलें. अमेरिकेंतील एरिक कोर्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या शहरांवरील हवेचा स्तंभ भोंवतालच्या प्रदेशावरील स्तंभाशीं ताडून पाहतां शहराचा स्वतःचा वायु अंतराळांतून ओळखूं येतो कीं नाहीं, हा त्यांचा प्रश्न होता. ओळखूं येतो, असें उत्तर निघालें. लॉस एंजेलिसवर दहा लक्षांत ३·२ भागांची आणि मुंबईवर २·४ भागांची वाढ आढळली. मुंबईच्या आंकड्यांत १·२ भाग इकडे किंवा तिकडे असूं शकतील, असेंहि त्यांनीं प्रामाणिकपणें नोंदविलें.

हा आंकडा लहान दिसतो खरा. चारशें मापांच्या धान्याच्या राशींत कोणीं अडीच मापें अधिक टाकलीं, आणि तें सातशें किलोमीटरांच्या आसपासच्या उंचीवरून कोणाच्या तरी ध्यानांत आलें, असा हा प्रकार आहे. परंतु त्याचें गांभीर्य एका तुलनेनें ध्यानांत येईल: मुंबईच्या माथ्यावर जितकी वाढ दिसली, सुमारें तितकीच वाढ अलीकडे सबंध पृथ्वीच्या हवेंत दर वर्षीं होत आहे. १८५३ सालीं एका गाडीच्या धुरांड्यानें ज्या खात्यांत पहिली नोंद केली, त्या खात्यांतील शहराची बाकी येथें प्रथमच बाहेरच्या माणसानें, शहरास न विचारतां, मोजून दाखविली.

ह्यावरून ठाणें, कल्याण आणि डोंबिवली ह्यांचा वांटाहि असाच वेगळा काढतां येईल, अशी आशा कोणास वाटेल. तेथें मात्र सावध राहिलें पाहिजे. इबुकीचा एक ठिपका जमिनीवर सुमारें दहा किलोमीटर व्यासाचा असतो. अशा एका ठिपक्यांत ठाणें शहर, मुलुंड, खाडी आणि येऊरचें रान एकदम येऊं शकतें. ओ. सी. ओ.-२ ची दृष्टि कितीतरी बारीक, सव्वा किलोमीटर बाय सव्वादोन किलोमीटरांची; पण तिचा पट्टा जेमतेम दहा किलोमीटर रुंद, तो सोळा दिवसांनीं पुन्हां त्याच जागीं येतो, आणि विषुववृत्तावर शेजारच्या दोन पट्ट्यांमध्यें सुमारें १६५ किलोमीटरांचें अंतर राहतें. ठाण्यापासून कल्याण लोहमार्गानें वीस किलोमीटर. एवढा सबंध मुलूख त्या मधल्या फटींत सहज मावतो. त्यांत वारा हा आणखी एक साक्षीदार उलटतो. सकाळीं ट्रॉम्ब्याकडून निघालेली हवा दुपारीं कल्याणवर असूं शकते. नगरपालिकेची हद्द नकाशावर असते. हवेंत तिची रेघ ओढलेली नाहीं. लॉस एंजेलिससारख्या, डोंगरांच्या कोंडाळ्यांत बसलेल्या सोईस्कर शहराविषयीं देखील त्या निबंधाचा अंदाज असा होता, कीं त्याच्या वायूंत सुमारें २२ टक्क्यांचा फरक पडला तरच तो इबुकीला ओळखूं येईल. एखाद्या गांवानें चार रस्ते सुधारले आणि शंभर विजेच्या बसगाड्या आणल्या, तर त्याची पावती आकाशांतून मिळणार नाहीं. २०१९ सालीं अंतराळस्थानकावर बसविलेलें ओ. सी. ओ.-३ हें उपकरण एका फेरीत सुमारें ऐंशी किलोमीटर लांबीरुंदीचा चौरस न्याहाळूं शकत असे. त्यामुळें शहराचें चित्र अधिक भरीव झालें, हें खरें.

तथापि ह्या सर्वांहून मोठी अडचण दुसरीच आहे, आणि ती ह्या प्रदेशाच्या स्वभावांतच आहे. उपग्रहाला सूर्यप्रकाश जमिनीवरून परत आलेला हवा असतो. ढग आडवे आले, कीं तराजूचें पारडेंच नाहींसें होतें. ओ. सी. ओ.-२ दिवसाकांठीं सुमारें दहा लक्ष मोजमापें घेई, आणि ढग व इतर अडथळे वगळतां त्यांतील एक दशांशाहून कमीच उपयोगी पडत. हा झाला साऱ्या पृथ्वीचा हिशेब. ठाणें जिल्ह्यांत जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आकाश भरून येतें, तें सप्टेंबर सरेपर्यंत क्वचितच मोकळें होतें. मलंगगडाचा माथा आठ-आठ दिवस दिसत नाहीं. मग सातशें किलोमीटरांवरच्या डोळ्याला त्याच्या पायथ्याचीं खाचरें दिसावीं कशी?

आणि नेमके हेच चार महिने जमेचे असतात. मृगांत पेरलेलें भात आषाढांत लावणीस येतें, ऐन-सागाला पाने फुटतात, येऊरपासून माहुलीपर्यंतचे डोंगर हिरवे होतात, आणि आठ महिने हवेंत सोडलेल्या कर्बांतील मोठा भाग झाडें, गवत व पिकें ओढून घेऊं लागतात. म्हणजे आकाशांतील कारकून कार्तिकापासून वैशाखापर्यंतच्या खर्चाचीं पानें बारकाईनें लिहितो, आणि जमेचीं पानें उघडण्याची वेळ आली कीं रजेवर जातो! अशा वहीवरून कोणीं वर्षाचा ताळेबंद मांडला, तर ह्या भूमीच्या नांवावर नुसती देण्याची रक्कम चढेल. गणित करणारे ही उणीव इतर प्रदेशांच्या मापांवरून आणि वाऱ्यांच्या आराखड्यांवरून भरून काढतात; पण भरून काढलेला आंकडा आणि मोजलेला आंकडा ह्यांत अंतर असतेंच.

ती जमा मोठी आहे, ह्याचा पुरावा एका अनपेक्षित वाटेनें मिळाला. २००८ सालीं फ्रँकफुर्टहून चेन्नईस येणाऱ्या एका उतारूंच्या विमानांत हवा तपासण्याचीं उपकरणें ठेवलीं होतीं. विमान ढगांच्या वरून जात होतें. पण पावसाळ्यांतील प्रचंड मेघ जमिनीजवळची हवा उचलून त्या उंचीपर्यंत नेतात. त्या हवेचें विश्लेषण करतां दक्षिण आशियाच्या भूमीनें जुलै ते सप्टेंबर ह्या महिन्यांत कर्बाम्लवायु मोठ्या प्रमाणांत शोषून घेतला, असें अनुमान निघालें. उपग्रहाची वाट अडविणारे ढगच येथें जमिनीचा निरोप वर घेऊन गेले.

जमिनीवरची मोजणी पुन्हां सुरू झाली ती २००९ च्या अखेरीस. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें सिंहगडावर हवेचे नमुने घेण्यास आरंभ केला, आणि त्याच सुमारास काबो द रामा येथेंहि कुप्या पुन्हां कांहीं वर्षें भरल्या गेल्या. कुपीला ढगाची अडचण नाहीं. भर श्रावणांत, चार हातांवरचें दिसत नसतांना, गडावरची हवा तींत भरतां येते. दोन्ही ठिकाणीं पावसाळ्यांत वायूचें प्रमाण उतरतें, हें त्यांतून दिसून आलें. त्यांतील किती भाग समुद्रावरून आलेल्या स्वच्छ वाऱ्याचा आणि किती सह्याद्रीच्या हिरवळीचा, हें दोन जागांच्या तुलनेवरून पाहतां येतें. कल्याणपासून सिंहगड सरळ रेषेंत शंभर किलोमीटरांहून अधिक, आणि काबो द रामा साडेचारशेंहून अधिक दूर आहे. उल्हास नदीच्या खोऱ्यांतील भाताचा आणि तेथील धुराचा हिशेब सध्यां ह्या दोन लांबच्या शेजाऱ्यांच्या वहींतूनच अजमावावा लागतो. त्या वहींतहि २००२ पासून २००९ पर्यंतचीं पानें कोरीं आहेत. कुलाब्याची माळ अलिबागेस नेतांना जी दोन वर्षांची जोड दिली गेली होती, तशी जोड येथें नाहीं. त्या सात पावसाळ्यांत हवेंतून किती उचललें गेलें, तें आतां कोणत्याहि उपकरणानें मागें जाऊन मोजतां येणार नाहीं.